वलांडीखाली: सुक्या बोंबलांच्या प्रकल्पाच्या नोंदी

१० नोव्हेंबर, स्टुडिओ

डिझाइनच्या यंदाच्या प्रकल्पाचे गट आज ठरले. एक कामाची जागा निवडायची, तिथे निदान पंधरा दिवस काढायचे, आणि पहिले आठ दिवस उपाय सुचला तरी तोंडातून काढायचा नाही. फक्त चित्रं, मापं आणि ऐकलेलं जसंच्या तसं. आम्ही तिघांनी विरारजवळचं अर्नाळा हे मच्छीमारांचं गाव घेतलं. काम: बोंबील सुकवणं.

मी तासगाव तालुक्यातली. आमच्याकडे फेब्रुवारी उजाडला की द्राक्षं शेडवर जातात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, जाळीच्या एकावर एक कप्प्यांवर पसरायचे, आणि सावलीत, वाऱ्यावर दोनेक आठवडे ठेवायचे. सावलीमुळे बेदाण्याचा हिरवा रंग टिकतो. त्यामुळे 'सुकवणं' म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे शेडच उभी राहिली. रात्रीच चित्र काढलं: लोखंडी सांगाडा, सहा कप्पे, बारीक जाळी, वर पारदर्शक छत. मॅडमना दाखवलं. त्यांनी त्यावर तारीख घालायला लावली आणि म्हणाल्या, "वहीच्या शेवटच्या पानात ठेव. डिसेंबरात काढू."

गटातली मैत्रीण नागपूरची, तिने समुद्र एकदाच पाहिलाय, तोही मरीन ड्राइव्हवरून. दुसरा राजकोटचा, घरी पूर्ण शाकाहार. त्याने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "मी माशाला हात लावणार नाही, पण वजन, मापं, वेळा सगळं माझ्याकडे द्या." आम्हाला ते पटलं.

१८ नोव्हेंबर, अर्नाळा, पहिला दिवस

पहाटेची विरार लोकल, मग बस. सात वाजता किनाऱ्यावर. पाणी अजून बरंच आत, होड्या चिखलात एका कुशीवर कललेल्या. समोर बेटावरचा किल्ला धुक्यात अर्धाच दिसत होता. माणूस नाही.

वलांड्या मात्र दिसल्या. फोटोत पाहिल्या होत्या, पण त्यांच्या खाली उभं राहणं वेगळं. बांबूचे उभे खांब, त्यांना बांधलेले आडवे बांबू, आणि गुडघ्यापासून पार डोक्याच्या वरपर्यंत एकाखाली एक ताणलेल्या दोऱ्या. दोऱ्यांवर कालचे-परवाचे बोंबील, तोंड वर, शेपटी खाली, हजारोंनी. वाऱ्याची झुळूक आली की सगळे एकदम हलतात. खालून बघितलं तर ऊन गाळून येतं.

एक मावशी खळ्यावर जवळा पसरत होत्या. आम्ही विचारलं, होड्या कधी येतात? त्यांनीच उलट विचारलं, "तिथी काय आज?"

तिघांनीही मोबाइल काढले.

"त्रयोदशी," त्या आमचं बघून झाल्यावर म्हणाल्या. "मग आता कुठलं पाणी? पावणेदहाला भरेल. होडी पाण्यावर येणार ना गो, तुमच्या गाडीवर थोडीच!"

हिशोब त्यांनी सांगितला तो असा: पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा भरतीचा. तेरा पाऊण पावणेदहा. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळी पाठ होती. मला वाटायचं, ते जुन्या शाळेचं ओझं. इथे पाऊणकी रोज सकाळी वापरात आहे.

मी घरून तक्ता आखून नेला होता: सकाळी सात ते एक निरीक्षण, एक ते दोन जेवण. या कामाला सात वाजता सुरू होणारा दिवसच नाही. आज सकाळ, चार दिवसांनी दुपार, आणखी काही दिवसांनी संध्याकाळ. स्वयंपाक, मुलांची शाळा, झोप सगळं त्याच्या मागून सरकतं. वस्तूची रचना करायला निघालो होतो आणि पहिल्या तीन तासांत कळलं ते वेळेबद्दल.

दहाच्या आसपास होड्या लागल्या.

१९ नोव्हेंबर

बोंबील दोरीवर राहतो कसा, हे आज नीट पाहिलं. चिमटा नाही, गाठ नाही, हूक नाही. दोन बोंबील घ्यायचे. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. बोंबलाचे दात सुईसारखे आणि आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे एकदा अडकले की ओढाल तितके घट्ट. ही जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. वजन दोन्हीकडे सारखं, म्हणून सरकत नाही. पाणी शेपटीवरून निथळून जातं.

मासा स्वतःचा आकडा घेऊनच आलाय.

हे कुणी शोधलं, सांगता येणार नाही. पहिल्या वर्षाला मॅडमनी शिकवलं होतं की भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स देशभर फिरले आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला, त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात साध्या लोट्याचं कौतुक आहे: कुणा एकाने न आखलेली, पिढ्यांनी घासून घासून घडवलेली वस्तू. परीक्षेत मी ते उत्तर लिहून गुणही मिळवले होते. आज दोन बोंबील एकमेकांत अडकवताना बोटाला दात लागले आणि रक्त आलं, तेव्हा ते उत्तर पहिल्यांदा समजलं.

२१ नोव्हेंबर

काल अमावास्या. उधाण. डोल जाळ्याला, म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, ओढ जोराची लागते, मासळीही जास्त येते. साडेबाराच्या पुढे होड्या आल्या आणि टोपल्यांची रांगच लागली. बोंबील, मांदेली, करदी, जवळा, थोडी कोळंबी, वाकट्या. आज वही उघडायला वेळच नव्हता. मावशींनी विचारलं नाही, सरळ टोपली पुढे सरकवली.

निवडायचं, समुद्राच्या पाण्यात धुवायचं, जोड्या लावायच्या, दोरीवर टाकायच्या. मावशींची सून माझ्या एका जोडीमागे सात-आठ जोड्या लावते, आणि तिची नजर हातावर नसते, लेकरावर असते. मी एकेक जबडा उघडून बघत होते. ती माशाच्या गालावर अंगठा दाबते, तोंड आपोआप उघडतं, त्याच झटक्यात दुसरा आत. पाच वाजेपर्यंत मला ती दाबायची जागा सापडली.

नागपूरकर मैत्रीण दुपारी दोनदा बाजूला जाऊन आली, वासाने. तिसऱ्यांदा गेली नाही.

२२ नोव्हेंबर

बोटं सुजली. पेन धरवत नाही. राजकोटकराने माझ्यासाठी लिहून घेतलं: वरची दोरी जमिनीपासून सात फुटांवर. सुनेची उंची पाच फूट एक इंच. ती उलट्या क्रेटवर उभी राहते. क्रेट वाळूत डुगडुगतो.

२४ नोव्हेंबर

आठ दिवसांचा नियम पाळणं मला जमलं नाही. बेदाण्याच्या कप्प्याची छोटी प्रतिकृती करून आणली. मावशींकडून पाटीभर ताजे बोंबील विकत घेतले, अर्धे जाळीवर आडवे पसरले, अर्धे त्यांच्याच दोरीवर. मावशी काही बोलल्या नाहीत. नंतर एवढंच, "मधला मासा उलटायला रात्री कोण उठणार?"

२६ नोव्हेंबर

निकाल. दोरीवरचे गोल, सरळ, फिकट सोनेरी. जाळीवरचे खालून चपटे, जाळीचा ठसा उमटलेला, उचलताना कातडी जाळीलाच चिकटून राहिली. माश्याही इथेच जास्त.

कारण आता सरळ दिसतंय. द्राक्षाला साल आहे, बोंबलाला जवळजवळ नाही. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ते हळूहळू काढलं तर मासा आधी नासतो. त्याला पहिल्या दिवशीच कडक वारा हवा, सगळ्या बाजूंनी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीकडून येणारा कोरडा मतलई वारा हे मुख्य यंत्र आहे, ऊन त्याच्या मदतीला. राजकोटकराने तोलून पाहिलं: एक किलो ओल्यातून दोरीवरचे जेमतेम दीडशे ग्रॅम उरले.

बेदाण्याची शेड तासगावच्या द्राक्षाचं उत्तर आहे. मी ते उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाला लावत होते. तरी प्रयोग केला याचं वाईट वाटत नाही. न करता मला हे कुणी सांगितलं असतं तर मी मान हलवली असती आणि मनात शेडच ठेवली असती.

२८ नोव्हेंबर, स्टुडिओ

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "सुका बोंबील चांगला की वाईट, हे कोण ठरवतं?" आम्ही 'मावशी' म्हणालो. "त्या बनवतात. ठरवतं कोण?"

३० नोव्हेंबर, विरारचा बाजार

ठरवणारी बाई आज भेटली. घाटावरच्या दुकानासाठी माल भरायला आलेली. बोंबील हातात घेऊन वाकवला. मोडला नाही, हलका चिवटपणा आला, तर बाजूला. नखाने पोट खरवडलं, वाळू लागते का बघितलं. मग नाकाला. डोळ्यांनी सगळ्यात शेवटी. जमिनीवर वाळवलेल्या मालाला ती हातच लावत नव्हती.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. वर्षाची खरी उलाढाल मे महिन्यात, आगोटीच्या बेगमीला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते आणि घरोघरी पावसाळ्याची सुकी मासळी लागते. तेव्हा दर चढा मिळतो. पण त्यासाठी डिसेंबरातला माल मेपर्यंत टिकायला हवा, आणि तो टिकतो पहिल्या दोन रात्रींत ओल लागली नसेल तरच.

दोन रात्री. वहीत या शब्दांभोवती गोल केला, का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

५ डिसेंबर

पौर्णिमेचं उधाण. आज होडीच्या नाखव्यांनी, म्हणजे तांडेलांनी, जाळ्यातून निघालेला प्लास्टिकचा ढीग दाखवला: पिशव्या, चपला, शांपूच्या पुड्या. एका खेपेत एवढा. मासा आधीसारखा राहिला नाही, हे ते शांतपणे सांगतात. राज्याने २०२३ साली पापलेटला राज्य मासा केलं, त्याचा त्यांना आनंद आहे. वाढवण बंदराला २०२४ साली मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली, त्याची काळजी आहे. पालघर जिल्ह्यातले मच्छीमार त्या बंदराला वर्षानुवर्षं विरोध करत आलेत. "तुम्ही सुकवायचं यंत्र कराल," ते म्हणाले, "सुकवायला काही राहिलं पाहिजे ना."

याला आमच्या प्रकल्पात उत्तर नाही. पण हे वाक्य अहवालात पहिल्या पानावर जाणार, हे तिघांनी ठरवलं.

१२ डिसेंबर, काल रात्रीची नोंद

या आठवड्यात गावातच खोली घेतली आहे. रात्री तीनच्या सुमाराला बाहेर आरडाओरडा. पाऊस.

थेंब मोठे नव्हते. तरी सगळी आळी वलांड्यांकडे धावली. टॉर्च दातांत धरून बायका जोड्या उचलत होत्या. जोडी उचलणं अवघड नाही, नुसती वर करून काढायची. पण अशा शेकडो, अंधारात, डोक्याच्या वर, ओल्या बांबूवर पाय ठेवून. क्रेटमध्ये टाकायच्या, क्रेट घरात न्यायचा, परत यायचं. एका क्रेटचं दुसरं टोक राजकोटकराने धरलेलं मी पाहिलं. त्याने त्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

पाऊस वीस मिनिटांत थांबला. नुकसान किती, हे मला तेव्हा फारसं वाटलं नाही. बराचसा माल आत आला होता.

नुकसान आज सकाळी दिसलं, आणि ते घरात होतं. अर्धवट सुकलेले बोंबील क्रेटमध्ये एकावर एक दडपून राहिले. मधल्या थराला हात लावला तर कोमट. वास बदललेला. मावशींनी एकेक क्रेट उपसला आणि दोन ढीग केले. एक परत दोरीवर. दुसरा खतासाठी. दुसरा मोठा.

"२०२१च्या डिसेंबरात असाच आला होता," त्या म्हणाल्या, "तेव्हा तर दोन दिवस थांबला नाही." मग हात धुता धुता, जणू स्वतःशीच: "जुन्या घरात असं नव्हतं होत."

मी विचारलं, का?

जुनं घर कौलारू. आत आडव्या तुळया, वर माळा. पाऊस आला की आत आणलेल्या जोड्या तुळयांमध्ये बांधलेल्या काथ्यावर टाकायच्या. चुलीचा धूर आणि ऊब. मासा आत पण टांगलेलाच. दहा-बारा वर्षांपूर्वी घर पाडून पक्कं केलं. वर स्लॅब. भिंती गुळगुळीत, ऑइल पेंट दिलेल्या. छताला टांगायला एकच गोष्ट, पंख्याचा हूक.

घर पक्कं झालं आणि मासळीची घरातली जागा गेली. हे मी तीन आठवडे त्या घरात चहा पिऊन पाहिलं नव्हतं. वर बघितलंच नव्हतं.

१३ डिसेंबर

आळीतली चौदा घरं फिरलो. अकरा स्लॅबची. तीन कौलारू, त्यांतल्या दोघींचा परवाचा माल वाचला. मापं घेतली: ओटीची लांबी, छताची उंची, खिडकीचे गज, झोपायला किती जण, कुठे. नागपूरकर मैत्रिणीने प्रत्येक घराचा रात्री तीनचा नकाशा काढला. कोण कुठे झोपलंय, क्रेट कुठून आत येतो, कुणाच्या डोक्यावरून. आमच्या सगळ्या चित्रांत हे नकाशे सगळ्यात चांगले आहेत, आणि त्यांची कल्पना तिची एकटीची.

१६ डिसेंबर, स्टुडिओ

वहीच्या शेवटच्या पानातलं चित्र काढलं. मॅडमनी विचारलं, यात माणूस कुठे आहे? सहा कप्प्यांच्या शेडसमोर मी एकही माणूस काढला नव्हता. पाऊसही नव्हता, रात्रही नव्हती.

नवा प्रश्न फळ्यावर लिहिला: अंधारात, एकट्या बाईला, टांगलेला मासा टांगलेलाच राहून दहा मिनिटांत घरात कसा नेता येईल?

लवकर सुकवणं हा भाग आम्ही पूर्ण सोडून दिला. ते काम वारा आणि त्या बायका आमच्यापेक्षा चांगलं करतात.

२० डिसेंबर ते ४ जानेवारी

सुट्टी. तासगावला. शेडवाल्या काकांशी बोलले. अवकाळीचं नाव काढलं की त्यांचा चेहराही मावशींसारखाच होतो.

पहिली कल्पना: दोरीच सुटी करायची. दोन्ही टोकांना फास, वलांडीला खुंट्या, पाऊस आला की दोघींनी दोन टोकं धरून मासळीसकट दोरी आत न्यायची. घराच्या अंगणात ओल्या फडक्यांच्या जोड्या टाकून पाहिलं. उचलताक्षणी दोरीला झोल आला आणि सगळी फडकी घसरून मधोमध एकावर एक. म्हणजे पुन्हा क्रेटच.

८ जानेवारी, अर्नाळा

मावशींना दोरीची फजिती सांगितली. त्यांनी बाजूला पडलेला बांबूचा तुकडा उचलून हातात दिला. "काठीवर घाल की."

काठीला झोल नाही. सहा फुटी काठीवर पंचेचाळीस जोड्या बसल्या. ताज्या मालासह साडेनऊ किलो. खांद्यावर घेता येते. पण तिरपी झाली की जोड्या एका टोकाला धावतात, आणि बांबूला टेकलेला जबड्याचा भाग ओला राहतो.

यावर तोडगा सुनेचा. डोल जाळ्याची जुनी, फुकट गेलेली दोरी काठीवर पिळा देत गुंडाळली, दोन वेढ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवून. जोडी वेढ्यांमधल्या खाचेत बसते. सरकत नाही, आणि बोंबील बांबूपासून किंचित वर राहतो, त्यामुळे वारा खालूनही जातो. तिने हे गप्पा मारता मारता केलं. मी पंधरा दिवस रबराच्या खाचा, प्लास्टिकचे चिमटे असलं काहीबाही काढत होते.

अहवालात हे तिचं काम म्हणून लिहायचं, आमचं म्हणून नाही. तिला विचारलं, नाव घालू का? ती लाजली, मग म्हणाली, "सासूबाईंचं पण घाल. काठी त्यांची."

१७ जानेवारी

उद्या अमावास्या, माल भरपूर. संध्याकाळी लुटुपुटूचा पाऊस केला. राजकोटकराने शिट्टी वाजवली. आधी नेहमीच्या दोरीवरच्या दोनशे जोड्या क्रेटने आत: चोवीस मिनिटं, दोघी मिळून. मग तेवढाच माल काठ्यांनी: सात मिनिटं. आळीतली पोरं टाळ्या वाजवत होती.

मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी काय काय सांगितलं ते क्रमाने लिहिते, कारण हीच खरी परीक्षा. एक, दोघी होत्या म्हणून जमलं. माझा मुलगा समुद्रावर, सून माहेरी, तेव्हा सहा फुटी काठी घेऊन मी दारातून वळणार कशी? दोन, काठीचं टोक पोराच्या डोळ्यात जाईल. तीन, वलांडीवर काठ्यांना जागा जास्त लागते, वरच्या ओळीची सावली खालच्यावर पडते. चार, घरात नेऊन ठेवायच्या कशावर, ते अजून दाखवलं नाहीस.

चौथ्यावर माझ्याकडे फक्त चित्र होतं.

रात्री बसून काठ्या चार फुटी केल्या, टोकांना जुन्या सायकल ट्यूबच्या टोप्या. सावलीसाठी ओळी पायऱ्यांसारख्या मागेपुढे. घरातल्या जागेचं मात्र जमत नव्हतं. भिंतीत खिळे मारायचे तर ऑइल पेंटचा प्रश्न, आणि घर अजून कर्जात. कुणाच्या पक्क्या भिंतीला भोक पाडायला सांगणं सोपं नाही, हे स्टुडिओत बसून कधीच लक्षात आलं नसतं.

२४ जानेवारी

खिडकीचे गज! समोरासमोरच्या दोन खिडक्यांच्या गजांमध्ये दोन जाड दोर ताणायचे, एकमेकांपासून साडेतीन फुटांवर. शिडीच्या पायऱ्यांसारख्या चार फुटी काठ्या त्यांवर टेकवायच्या. भोक नाही, खिळा नाही, पाऊस गेला की दोर सोडून खुंटीला. मावशींच्या ओटीत बारा काठ्या बसल्या. खाली माणूस बसू शकतो, उभा राहू शकत नाही. "रात्री कशाला उभं राहायचंय," सून म्हणाली.

आळीतल्या अकरा स्लॅबच्या घरांपैकी सातांत अशा समोरासमोर खिडक्या आहेत. उरलेल्या चारांसाठी उत्तर नाही.

३० जानेवारी, परीक्षण

बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे मांडणी झाली. आम्ही पहिल्या टेबलावर रात्री तीनचे नकाशे ठेवले, काठी त्याच्या नंतर. मावशी आणि सून येणार होत्या, पण तिथी द्वादशी, नऊ वाजता भरती. आल्या नाहीत, ते बरोबरच. त्यांची नावं काठीखालच्या पाटीवर होती.

एका परीक्षकाने विचारलं, यात तुम्ही नेमकं काय डिझाइन केलंत? नागपूरकर मैत्रीण म्हणाली, "काठी मावशींची, पीळ सुनेचा, लांबी आणि ओटीतली मांडणी आमची. पण त्याआधी पाच आठवडे आम्ही चुकीच्या गोष्टीकडे बघत होतो, आणि त्या पावसाच्या रात्री तिथे नसतो तर अजून तिकडेच बघत असतो." मला इतकं सरळ बोलता आलं नसतं.

१२ फेब्रुवारी

प्रकल्प कागदोपत्री संपलाय. आज संध्याकाळी सुनेने फोटो पाठवला. ओटीत दोर ताणलेले, आठ काठ्या. पण काठ्यांवर बोंबील नाहीत, वाकट्या आहेत, लांबच लांब, चांदीच्या फितींसारख्या, जवळजवळ जमिनीला टेकणाऱ्या. त्यांच्या खाली लेकरू झोपलंय. सोबत मजकूर: "आभाळ भरून आलंय म्हणून आत घेतल्या. वाकटीला पीळ मोकळा लागतो, हा घट्ट पडतो. आणि शेजारणीच्या घरी समोर खिडकीच नाय, तिला काय सांगू?"

वाकटीचं माप आमच्याकडे नाही. शेजारणीचं घर त्या चार घरांपैकी.

उद्या एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. पहाटेची विरार लोकल पकडायला हवी. राजकोटकराने तराजू बॅगेत भरलाय.